यिंदीचं मत

बुधवारी सकाळी कसब्याच्या कचेरीतून मोबाईलवर निरोप आला. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत प्रत्येक गटाने शंभर टक्के मतं भरून द्यावीत. विषय होता कसब्याच्या दवाखान्यातली डायलिसिसची खोली बंद करून ती तालुक्याच्या इस्पितळात हलवण्याचा. निरोपाखाली चौकोनी कोड होता. तो टिपला की अर्ज उघडायचा. अर्जात प्रश्न एकच आणि उत्तरं दोन: सहमत, असहमत.

यान शौछंग तिसऱ्या गटाचा प्रमुख होता. गट म्हणजे डोंगराच्या अंगावर विखुरलेली त्रेचाळीस घरं आणि मोबाईल असलेली शहाण्णव माणसं. त्यातली निम्मी समुद्राकडच्या कारखान्यांत कामाला. प्रमुखाचं काम काही मानाचं नव्हतं. कचेरीचा निरोप घरोघर पोचवायचा आणि घरोघरचा कंटाळा स्वतःच्या अंगावर घ्यायचा. गेल्या वर्षभरात त्याने असे चार अर्ज भरून घेतले होते. एक कचरा वेगळा करण्याचा, एक नववर्षाच्या फटाक्यांचा, दोन कशाचे ते त्यालाही आठवत नव्हतं. त्यांचं पुढे काही झालं नव्हतं. फटाके वाजले, कचरा ओढ्यात गेला. अर्ज ही भरायची गोष्ट आहे, वाचायची नाही, हे आता सगळ्यांना माहीत होतं.

या वेळी फरक एवढाच होता की ती खोली त्याच्या घरातलीच गोष्ट होती. त्याची बायको यिंदी आठवड्यातून तीनदा त्या खोलीत चार-चार तास पडून असे. तीनचाकीने वीस मिनिटं लागत. सकाळी डुकरांना घालून निघालं तर जेवायला परत. साडेतीन वर्षं हे चाललं होतं. मूत्रपिंडं गेली होती, साखरेने डोळे अधू झाले होते, पण जिभेला काही झालं नव्हतं.

गुरुवारी तो घरोघर फिरला. मू म्हातारा दारात बसून डुकरांसाठी पाला चिरत होता.

"या गटप्रमुख. या वेळी काय? साबण देणार का?"

"काही देत नाहीत. बोट दाबायचं."

"दाबून दाबून बोट झिजलं माझं. खिशात आहे मोबाईल, तूच काढ आणि तूच दाब. माझे हात भरलेत."

यानने त्याच्या खिशातून मोबाईल काढला आणि दाबलं. पुढच्या घरी दोन मोबाईल कोनाड्यात ठेवलेलेच होते, घरात कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्या घरातला मुलगा दूर तोंगक्वानच्या कारखान्यात होता. त्याच्या नंबरावर सहा आकडे जायचे, ते त्याने वाचून दाखवायचे, मग अर्ज उघडायचा.

"बोल, काय आकडे आले?"

"चार, नऊ, नऊ... थांब काका, मशीन चालू आहे, ऐकू येत नाही. कशाचं आहे?"

"दवाखान्याचं."

"बरं, सहमत टाक. काकू कशी आहे?"

"बरी आहे. पुढचे आकडे सांग."

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता शहाण्णवपैकी पंचाण्णव झाले होते. स्वतःचा त्याने आदल्या दिवशीच सगळ्यांबरोबर सवयीने सहमत करून टाकला होता. यिंदीचा राहिला होता.

ती चुलीच्या खड्ड्याशी बसून बटाटे सोलत होती. मीठ तिला चालत नव्हतं, पाणीही मोजून. दारूच्या लहान पेल्याने ती दिवसभरात दहा पेले पाणी पिई आणि प्रत्येक पेल्यानंतर किती राहिले ते मोठ्याने सांगे.

"माझं असहमत टाक," ती म्हणाली.

"हो."

"हो काय? टाक आधी. त्या मू म्हाताऱ्याचंही असहमतच टाकायचं होतं, पण त्याची मूत्रपिंडं धड आहेत, त्याला काय."

त्याने असहमत दाबलं. खाली एक चौकट उघडली: कारण लिहा, किमान पन्नास शब्द. त्याने लिहिलं, फार लांब पडतं. तीन शब्द झाले. अजून सत्तेचाळीस हवेत, असं लाल रंगात आलं. यान सहावीपर्यंत शिकलेला. लिहिण्याची त्याला सवय नव्हती. त्याने लिहिलं, बायकोला फार त्रास होतो. आणखी चार. लाल आकडा त्रेचाळीसवर आला. त्याच वेळी वर निरोप सरकला. पहिला गट शंभर टक्के. दुसरा गट शंभर टक्के. खाली टाळ्या वाजवणारे हात. मग कचेरीतल्या पांगचा निरोप: "तिसरा गट? यान दादा, झोपलात काय? तुमच्यामुळे सगळा कसबा थांबलाय."

असहमत आलं की कचेरीतून माणूस घरी येतो, बसतो, समजावतो, चहा पितो, हे यानला माहीत होतं. फटाक्यांच्या वेळी पाचव्या गटात एकाने असहमत टाकलं होतं. त्याच्या घरी तीन दिवस माणूस येत होता. शेवटी तो म्हणाला, बाबांनो, मी फटाके कधी वाजवलेच नाहीत.

यानने मागे जाऊन सहमत दाबलं. हिरवी खूण आली.

"भरलं?" यिंदीने विचारलं.

"भरलं."

"मग बारा वाजायच्या आत झालं म्हण. नाहीतर तो पांग बोंबलेल."

जूनच्या सात तारखेला दवाखान्याच्या दारावर कागद लागला. नागरिकांच्या मताचा आदर करून डायलिसिसची सोय तालुक्याच्या इस्पितळात एकत्र करण्यात येत आहे. एकूण मतं चार हजार एकशे सत्तावीस. सहमत नव्व्याण्णव पूर्णांक दोन टक्के. कागदाखाली उभं राहून यानने तो दोनदा वाचला. यिंदी त्याच्या खांद्याला धरून होती, तिला काही दिसत नव्हतं.

"काय लिहिलंय?"

"हलवली खोली."

"किती लोकांनी नको म्हटलं?"

"नाही लिहिलं."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "आपण नको म्हणणारे, ते लिहितील कशाला?"

तालुक्याचं शहर बासष्ट किलोमीटरवर. सगळा घाट. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे पाचची बस, आठला इस्पितळ, रांग, नऊ ते एक मशीन, तीनची बस, सहाला घर. परतताना तिचा रक्तदाब पडे आणि ती खिडकीतून ओकत असे. ओकायला पोटात काही नसे. बसचा ड्रायव्हर भला होता. तो पिशवी देई आणि म्हणे, "वहिनी, बाहेर नको, मागची काच घाण होते." ऑगस्टपर्यंत तिचं वजन नऊ किलोने घटलं. सप्टेंबरात ती म्हणाली, आठवड्याला दोनदाच जाऊ. डॉक्टर म्हणाला, दोनदा चालणार नाही. ती म्हणाली, मग तुम्ही या आमच्याकडे.

यानने तेव्हा पहिल्यांदा स्वतःहून काही लिहिलं. तालुक्याच्या सचिवांना जनतेने निरोप द्यावा म्हणून इंटरनेटवर एक पान होतं. तिथे लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला पाच कामाच्या दिवसांत उत्तर द्यायलाच लागतं, असं मू म्हाताऱ्याने सांगितलं होतं. मूच्या ओळखीच्या कुणाचा तरी रस्त्यावरचा दिवा त्यामुळे लागला होता. यानने तीन दिवस बसून लिहिलं. पन्नास शब्दांच्या कितीतरी वर गेलं. खोली परत द्या, माझी बायको मरेल, एवढाच त्याचा अर्थ होता.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. आपल्या भावना समजतात. सदर निर्णय व्यापक जनमतावर आधारित आहे. आपल्या तिसऱ्या गटातील सर्व शहाण्णव नागरिकांनी सहमती नोंदवली असून त्यात अर्जदार आणि रुग्ण स्वतः यांचाही समावेश आहे.

उत्तर यिंदीला वाचून दाखवताना त्याने शेवटचं वाक्य गाळलं.

पुढे तालुक्याच्या कचेरीतून फोन आला. बाई गोड आवाजात बोलत होती. "उत्तराने समाधान झालं का? समाधानी की अतिशय समाधानी?" यान म्हणाला, नाही झालं. बाई म्हणाली, "तसा पर्याय आहे, पण मग मला तुम्हाला रोज फोन करावा लागेल, काका." तिने पुढचे चार दिवस रोज फोन केला. पाचव्या दिवशी त्याने समाधानी म्हटलं.

ऑक्टोबरात त्याने बसमध्ये व्हिडिओ काढला. यिंदी खिडकीला डोकं टेकून बसली होती, हातात पिशवी, मागे घाट फिरत होता. तो एवढंच म्हणाला: "ही माझी बायको. मशीन वीस मिनिटांवर होतं, आता बासष्ट किलोमीटरवर आहे. आज ती तिसऱ्यांदा ओकली." कसा टाकायचा ते बसमधल्या एका पोरीने दाखवलं. दोन दिवसांत ऐंशी हजार लोकांनी पाहिला. तिसऱ्या दिवशी दोन लाख. अनोळखी माणसं लिहीत होती: लाज वाटली पाहिजे. मशीन परत द्या. मावशी, धीर धरा. यान ते तिला वाचून दाखवी आणि ती ऐकत राही.

"हे सगळे कोण?"

"लोक."

"कुठले?"

"सगळीकडचे."

"मग यांना अर्ज का नाही दिला?" ती म्हणाली.

यानला वाटलं, झालं काम. कचेरीचं तोंड एकाच गोष्टीने उघडतं, हे सगळा कसबा जाणतो. दार ठोठावून उपयोग नाही. गाजावाजा झाला पाहिजे. कसब्याच्या कचेरीत एक तक्ता असे. कुठल्या गोष्टीवर लोक किती बोलतायत, त्याचे रंग: निळा, पिवळा, केशरी, लाल. पिवळ्यापर्यंत पांग बघे. केशरी झालं की तालुक्याहून फोन येई. यानचा व्हिडिओ केशरी झाला.

पांग घरी आला तो दुधाचा खोका घेऊन. बारा पिशव्या. यिंदीला दूध चालत नव्हतं, पण तिने थँक्यू म्हणून तो पलंगाखाली सरकवला. पांग चाळिशीचा, गोलमटोल, हसरा माणूस. तो खड्ड्याशी शेकत बसला.

"दादा, सचिवसाहेब स्वतः वाचतायत तुमचं. मोठी गोष्ट आहे. आता मला फक्त एक समजावून सांगा. तुम्ही म्हणता, मशीन हलवून तुमच्यावर अन्याय झाला. पण अर्ज तर सगळ्यांनी सहमतचा भरलाय. मग दोनच गोष्टी असू शकतात. अर्ज खरा असेल तर तुम्ही खोटं पसरवताय. आणि अर्ज खोटा असेल..." त्याने निखारा उलटा केला. "तर तो खोटा केला कुणी?"

यानने खड्ड्यात एक लाकूड सरकवलं.

"मी नाही म्हणत, संगणक म्हणतोय. शहाण्णवपैकी साठ अर्ज एकाच ठिकाणाहून, दोन दिवसांत, एकाच हाताने. दुसऱ्याच्या नावाने मत टाकणं म्हणजे माणसाची ओळख वापरणं, दादा. ते कचेरीत बसत नाही, ते पोलिसात बसतं. सहा महिने तरी. मग वहिनींना तालुक्याला कोण नेणार?"

"तूच म्हणालास ना, सगळा कसबा थांबलाय म्हणून."

"मी घाई करा म्हटलं. खोटं करा म्हटलं का? दाखवा निरोप, कुठे लिहिलंय?"

यिंदी पलंगावर उठून बसली होती. तिने यानकडे तोंड वळवलं. तिला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. तरी बराच वेळ ती तिकडे बघत राहिली.

"माझं काय भरलंयस?" तिने विचारलं.



"वहिनींचं सहमतच आहे," पांग म्हणाला. "इथे माझ्याकडे आहे. शुक्रवार, अकरा वाजून सोळा मिनिटं."

खड्ड्यात लाकूड फुटलं. वर धुरात टांगलेल्या मांसातून चरबीचा एक थेंब राखेत पडला. यिंदीने पायाने चप्पल शोधली, घातली, परत काढली.

"मीच दाबलं ते," ती पांगला म्हणाली. "माझ्या बोटाने. याने मला अर्ज वाचून दाखवला आणि मी सहमत दाबलं."

"यिंदी..." यान म्हणाला.

"तू गप रे म्हाताऱ्या. मला विचारतायत ना? माझं मत आहे ना?"

पांगने मोबाईल काढला. "मग एवढंच कॅमेऱ्यासमोर बोला वहिनी. अर्ध्या मिनिटाचं. लोकांचा गैरसमज दूर होईल. दादांचंही प्रकरण मिटेल."

पहिल्यांदा ती म्हणाली, "मी स्वतः सहमत दाबलं, कारण मी येडी आहे." पांग म्हणाला, तसं नको. दुसऱ्यांदा तिला खोकला आला. तिसऱ्यांदा पांगने तिच्या मागची बादली हलवली, उशी उभी केली, आणि केस विंचरायला सांगितले. यानने कंगवा दिला. तिने केस विंचरले आणि म्हणाली: "मी छू यिंदी. वय त्रेपन्न. मी माझ्या इच्छेने सहमत झाले. मोठ्या इस्पितळात सोय चांगली असते. माझ्या नवऱ्याने मला त्रास होताना बघून व्हिडिओ टाकला. त्याचा उद्देश वाईट नव्हता. सगळ्यांचे आभार."

"सुंदर," पांग म्हणाला. "वहिनी, तुम्ही टीव्हीवर पाहिजे होतात."

संध्याकाळी ते कचेरीच्या पानावर आलं. ज्या लोकांनी लाज वाटली पाहिजे लिहिलं होतं, त्यांनीच आता दुसऱ्या बाजूने लिहायला सुरुवात केली. यिंदीने हट्टच धरला, वाच म्हणून.

"वाच. आधीचं वाचलंस ना? आता हेही वाच."

"काही नाही त्यात."

"वाच म्हणते ना."

त्याने वाचलं. आधी स्वतः हो म्हणायचं, मग रडून लोकांकडून पैसे काढायचे. अंडी फुकट मिळाली असतील अर्ज भरल्याबद्दल. मूत्रपिंडाबरोबर अक्कलही गेली. ही बाई आजारी वाटतच नाही, केस किती नीट विंचरलेत.

त्यावर ती हसली. "बघ, म्हटलं होतं ना, माझे केस चांगले आहेत." मग तिला थकवा आला आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली. थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाली, "का दाबलंस?"

"पन्नास शब्द लिहायचे होते. मला सात सुचले."



"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. "मी पाचशे सांगितले असते."

त्यानंतर त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. बोलली असती तर यानला बरं वाटलं असतं. ती फक्त पेले मोजत राहिली. सात राहिले. सहा राहिले. पाचव्या दिवशी तक्त्यावरचा रंग निळा झाला. दहाव्या दिवशी तक्त्यावर तिचं नावच नव्हतं. व्हिडिओ कुणी पाहीना.

डिसेंबरच्या मध्यावर घाटात बर्फ पडला. मंगळवारी बस बंद. बुधवार गेला. शुक्रवारी यान पायी घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आला. पोलिसांनी आडवा बांबू लावला होता. तालुक्याला फोन केला तर म्हणाले, रुग्णवाहिका निघाली तरी वर येणार नाही, पाणी कमी द्या. त्याने पेले दहावरून चारवर आणले. रविवारी यिंदीचे पाय इतके सुजले की मोजे चढेनात. श्वास घेताना आतून बुडबुड आवाज येई. मू म्हातारा आला, दारात उभा राहिला, आणि म्हणाला, "कसब्यात मशीन असतं तर ढकलगाडीने नेली असती." यान म्हणाला, "निघ इथून." मू निघाला, मग परत आला आणि लाकडं टाकून गेला.

सोमवारी दुपारी तिने एक पेला पाणी मागितलं. तिच्या वाट्याचे चार संपले होते. यानने मोठा वाडगा भरून दिला. तिने दोन्ही हातांनी धरून सगळा पिऊन टाकला आणि म्हणाली, "अस्सं." साडेतीन वाजता ती गेली. रस्ता गुरुवारी उघडला.

मार्चमध्ये कचेरीने एक गाडी सुरू केली. सात माणसांची, पांढरी. बाजूला लाल अक्षरांत लिहिलेलं: ऑनलाइन जनमताला प्रतिसाद. डायलिसिसच्या रुग्णांना घरापासून इस्पितळापर्यंत मोफत. आजूबाजूच्या तीन कसब्यांत मिळून सहा रुग्ण होते. एक वारली म्हणून पाच उरले. उद्घाटनाला पांगने यानला पहिल्या सीटवर बसवून फोटो काढला.

मे महिन्यात प्रांताच्या विद्यापीठातून लुओ नावाच्या बाई आल्या. त्या लोकांच्या ऑनलाइन मतांचा सरकारी धोरणाला किती उपयोग होतो यावर अभ्यास करत होत्या, आणि पांढऱ्या गाडीचं उदाहरण त्यांना फार आवडलं होतं. पांगने यानला बोलावलं. आदल्या दिवशी फोनवर म्हणाला, "चांगले कपडे घाला. आणि दादा, जुनं उकरू नका. गाडीवर बोला."

यानने ठरवलं होतं. यिंदी गेल्यापासून तो एकाच गोष्टीचा विचार करत होता. तिला परत आणता येत नव्हतं, मशीनही आता नको होतं. पण कुठल्यातरी कागदावर तिच्या नावापुढे सहमत लिहिलेलं होतं, आणि ते खोटं होतं, आणि ते त्याने लिहिलं होतं. ते खोडायचं. एवढं झालं की तिच्या थडग्यापुढे जाऊन तो रिवाजाप्रमाणे दारू ओतणार होता. तोवर जायला त्याला तोंड नव्हतं.

कचेरीतल्या वरच्या खोलीत लुओबाई बसल्या होत्या. तिशी-पस्तिशीच्या, मऊ बोलणाऱ्या. पांग कपात चहा ओतत होता. पहिला प्रश्न होता: ऑनलाइन मत दिल्याने फरक पडतो असं तुम्हाला किती वाटतं, एक ते पाच?

यान विचार करत होता. पांग म्हणाला, "पाच लिहा मॅडम. दादा कमी बोलतात." बाईंनी यानकडे पाहिलं, जराशी वाट पाहिली, आणि पाचवर खूण केली.

"मॅडम," यान म्हणाला, "मला एक सांगायचंय. अर्ज माझ्या बायकोने भरला नव्हता. तिने असहमत सांगितलं होतं. मी सहमत दाबलं. इतर साठेक लोकांचंही मीच दाबलं. व्हिडिओत ती खोटं बोलली, मला वाचवायला. मला पोलिसात घालायचं तर घाला. पण तिचं तेवढं खोडून द्या."

पांगने किटली खाली ठेवली आणि हसला. "दुःखात माणूस काहीही बोलतो, मॅडम."

पण लुओबाईंना धक्का बसला नव्हता. त्यांनी मान हलवली, जणू तो पावसाबद्दल बोलला होता.

"काका, हे सगळीकडे होतं. घरातला एक जण दुसऱ्याचं भरतो, गटप्रमुख गटाचं भरतो. आम्ही ते गृहीतच धरतो. साधारण एक तृतीयांश मतं अशी असतात, असं समजूनच हिशेब करतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तुमचं नाही. साधारण."

"तिने असहमत टाकलं असतं, तर मशीन राहिलं असतं का?"

बाईंनी पांगकडे पाहिलं. पांगने खिडकीबाहेर पाहिलं. "काका, निर्णय गेल्या वर्षी जानेवारीतच झाला होता. डॉक्टरची बदलीही. मतं एप्रिलमध्ये मागवली. सगळ्यांनी असहमत टाकलं असतं तरी फारसा बदल झाला नसता. त्यामुळे तुमची चूक नाही, हे लक्षात घ्या. खरा उपयोग झाला तो तुमच्या व्हिडिओचा. गाडी त्यामुळेच आली. तुमच्या पत्नीमुळे आज पाच लोक..."

"मग मागवली कशाला?"

"लोकांना सहभागी करून घ्यायचं असतं."

 पाच महिने जे ओझं घेऊन यान फिरत होता, ते या बाईने सहज उचलून बाजूला ठेवलं, आणि म्हणाली, हे काही नव्हतंच. त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याने पाप केलं होतं, तेवढं तरी त्याचं स्वतःचं होतं.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "तिचं एक खोडा. मॅडम, तुमच्याकडे आहे ना यादी?"

बाईंना त्याची दया आली. त्यांनी संगणक त्याच्याकडे वळवला. बारीक रेघांचा तक्ता होता, खाली खाली सरकणारा. "आहे. पण यात नावं नसतात. नाव, गाव, गट सगळं काढून टाकतात, लोकांच्या सुरक्षिततेसाठी. फक्त स्त्री की पुरुष, वय, आणि उत्तर. त्यांचं वय काय होतं?"

"त्रेपन्न."

त्यांनी काहीतरी दाबलं. लांब यादी आखूड झाली. "त्रेपन्न वर्षांच्या स्त्रिया. एकेचाळीस आहेत."

यान पुढे झुकला. स्त्री, त्रेपन्न, सहमत. स्त्री, त्रेपन्न, सहमत. त्याने बोट काचेवर ठेवलं आणि एकेक ओळ खाली गेला. कुठे काही वेगळं दिसेल म्हणून तो पहिल्यापासून पुन्हा गेला. एकेचाळीस ओळी, एकीतही काही वेगळं नव्हतं.

"वेळ असते ना?" त्याने विचारलं. "अकरा सोळा. ह्यांच्याकडे होती."

"तीही काढून टाकतात."

"पांग, तुझ्याकडे होती."

"जुना मोबाईल गेला दादा," पांग म्हणाला. "चहा घ्या, गार होतोय."

लुओबाईंनी घड्याळ पाहिलं नाही, पण त्यांना अजून चार जणांना भेटायचं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्हाला बरं वाटणार असेल तर मी एक ओळ काढते. कुठलीही काढली तरी तेच. एकूण टक्केवारीत काही फरक पडत नाही. काढू?"

त्यांचं बोट कळेवर होतं. यानने यादीकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "ती दुसऱ्या कुणाची बायको असायची."

तो उठला. पांगने दार उघडून धरलं आणि खाली हाक मारली, पुढच्याला पाठवा म्हणून.